सोनाराकडून आणलेलं भोक

खिल्लारे मॅडमच्या हाताखाली मी साडेपाच वर्षं पीएच.डी. केली. तेवढ्या काळात माझा एकही आकडा त्यांनी पहिल्या खेपेला खरा मानला नाही. चांगला आला तर नाहीच, वाईट आला तरी नाही. "इतका वाईट कामून आला?" असं म्हणून त्या वाईट आकड्याचीही उलटतपासणी घ्यायच्या. विद्यार्थ्यांत त्यांचं नाव 'पंचनामा मॅडम' असं पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं. कोणी पाडलं याचा त्यांना संशय होता आणि तो बरोबर होता. ते मीच पाडलं होतं.

नांदेडच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की आमची लॅब. तिथं आम्ही सूर्यप्रकाशावर वीज देणारे सेल बनवायचो. छपरावर दिसतात ते जाड सिलिकॉनचे पॅनेल नव्हेत, आमचे सेंद्रिय. सेंद्रिय म्हटलं की लातूरच्या माझ्या मामांना गांडूळखत आठवायचं, आणि दर दिवाळीला ते मला "तुझं खत कुठवर आलं?" असं मनापासून विचारायचे. मी त्यांना समजावून सांगायची. कार्बनच्या रेणूंचे दोन पदार्थ एका द्रावकात विरघळवायचे. ती जांभळट शाई काचेच्या चौकोनी तुकड्यावर थेंबभर टाकायची आणि काच गरगर फिरवायची. जादा शाई उडून जाते आणि मागं उरतो एक थर, केसाच्या जाडीत असे शेकडो बसतील इतका पातळ. त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी चढवली की झाला सेल. मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हणजे रंगकाम करता."

त्या थराच्या आत काय चालतं ते मला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. प्रकाश पडला की आत ऋण आणि धन अशी जोडी तयार होते. सिलिकॉनमध्ये ती सहज सुटते. आमच्या पदार्थांत मात्र दोघं एकमेकांना धरून बसतात. दोन पदार्थ जिथं एकमेकांना टेकतात त्या सीमेवर पोचली तरच ती जोडी सुटते, आणि वीज मिळते ती सुटल्यावर. पण तिला चालवत फार नाही. जवळपास सीमा भेटली नाही तर जोडी आहे तिथंच विरून जाते आणि प्रकाश फुकट.

"म्हणून खिचडी करायची," मॅडम म्हणाल्या. "डाळीचा थर वेगळा, तांदळाचा वेगळा, असं न्हाई. दाण्याला दाणा लागला पाहिजे. पण घोटून लगदा बी करू नको. वाफेला वर यायला वाट राहिली पाहिजे."

मी भराभर लिहून घेतलं. त्यांनी माझ्या वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून खरं धरलंस?"

मॅडम मूळच्या हदगाव तालुक्यातल्या. किडकिडीत बांधा, सुती साडी, वर बाह्या दुमडलेला पांढरा एप्रन, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. हातात घड्याळ असायचं, तरी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्या वेळ विचारायच्या. तिघांची वेळ जुळली की मग वहीत लिहायच्या. द्रावकाच्या बाटल्यांच्या झाकणावर त्यांच्या सहीची कागदी पट्टी चिकटवलेली असायची, म्हणजे कोणी न सांगता उघडली तर पट्टी फाटावी. आमच्या प्रत्येक नोंदीपुढं एक रकाना होता, 'कोणी पाहिलं'. तो कोरा राहिला तर ती नोंद झालीच नाही असं धरायच्या.

लॅबबाहेरही तेच. अर्धापूरची केळी घेऊन गाडेवाला फाटकाशी उभा असायचा. मॅडम केळ्याचा देठ बघायच्या, बूड बघायच्या, हुंगायच्या आणि विचारायच्या, "पावडरीवर पिकवलीत का?" तो म्हणायचा, "न्हाई मॅडम, झाडावरची हायत." मॅडम म्हणायच्या, "झाडावर पिवळी होईपर्यंत तुम्ही थांबलात?" आणि तो हसून मान खाली घालायचा. एवढं होऊन रोज केळी त्याच्याकडूनच घ्यायच्या. एकदा मी विचारलं, पटत नाही तर घेता कशाला? म्हणाल्या, "तो खोटं बोलतो तवा मान खाली घालतो. दुसरे घालत न्हाईत."

ॲल्युमिनियमची पट्टी चढवायच्या यंत्रातली हवा पंप बाहेर ओढत असला की दोन-अडीच तास काही काम नसायचं. तेव्हा आम्ही डबे उघडायचो. मॅडमच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी ठरलेली. अशाच एका दुपारी त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली. सातवीत त्यांना गणितात पैकीच्या पैकी मार्क पडले. गुरुजींना शंका आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोरगी पहिली येते म्हणजे काहीतरी गडबड आहे, एवढंच त्यांचं गणित. त्यांनी हिला बाहेर पायरीवर बसवलं आणि नवा पेपर सोडवायला दिला. आत वर्ग चालू, बाहेर ही एकटी. हिनं तोही सगळा बरोबर सोडवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मार्क ऱ्हायले."

"राग नाही आला?"

"लई आला. अजून येतो. पण पेपर पुन्हा सोडवायला लावला ह्याचा न्हाई. दुसरा नंबर पाटलाच्या पोराचा होता. त्याला कामून न्हाई बसवलं पायरीवर? शक घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा की."

असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातली भेंडी उचलली, उजेडात धरून अळी नाही ना ते बघितलं आणि मग खाल्ली.

आता मुख्य गोष्टीकडं येते. मॅडम तेव्हा सहयोगी प्राध्यापक होत्या आणि प्रोफेसरपदाची मुलाखत कधी निघते याची वाट बघत त्यांनी कैक वर्षं काढली होती. त्यांच्या बाजूनं सगळ्यात भक्कम गोष्ट होती ती म्हणजे एक जुना पेपर. त्यांच्या सेलवर पडलेल्या प्रकाशाचे शंभर भाग धरले तर सात पूर्णांक दोन भागांची वीज झाली, असं त्यात छापलेलं होतं. आमच्या विद्यापीठात सातच्या पुढं गेलेला तो पहिला आकडा. बाहेरचे पाहुणे आले की विभागप्रमुख मॅडमची ओळख करून देताना नावाआधी आकडा सांगायचे. प्रोफेसर व्हायची इच्छा मॅडम लपवत नसत. "झाले तर आमच्या वस्तीतली पहिली," असं त्यांनी एकदा मला सरळ सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून इतकं उघड काही ऐकायची मला सवय नव्हती, म्हणून ते लक्षात राहिलं.

अखेर मुलाखतीची तारीख लागली आणि नेमकं त्याच महिन्यात बालाजीचा आकडा आला.

बालाजी माझ्या मागून पीएच.डी.ला लागलेला, हिमायतनगरचा, मोठ्या आवाजाचा, मनानं मोकळा. त्याच्या थरात बारीक छिद्रं पडायची आणि सेल वाया जायचे. म्हणून त्यानं सेलचा चौकोन, म्हणजे काचेवर ॲल्युमिनियम चढतं तेवढा भाग, लहान केला, बाजू दोन मिलिमीटर. चौकोन लहान, तर छिद्र येण्याची भीतीही कमी. आणि एका दुपारी नकली सूर्याखाली त्याचा सेल गेला आठ पूर्णांक एकवर. नकली सूर्य म्हणजे आमचा मोजमापाचा दिवा, सूर्याइतका आणि सूर्यासारखा उजेड देणारा. बालाजीनं कॉरिडॉरमधूनच हाळी दिली. अर्ध्या तासात पेढे आले. विभागप्रमुख स्वतः खाली उतरून आले.

मॅडमनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. म्हणाल्या, "छान. आता ह्याला खोटं पाडून दाखव."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी बालाजीला हैराण केलं. दिवा तपासला. तार बदलली. खिडकीतून ऊन येतं का म्हणून काळा पडदा दुहेरी केला. आकडा हलला नाही. बालाजीला लातूरच्या एका कॉलेजात अर्ज करायचा होता आणि त्याआधी पेपर पाठवायची घाई होती. तो रोज विचारायचा, "मॅडम, पाठवू का?" मॅडम रोज एकच प्रश्न विचारायच्या, "शाई तीच, थर तोच, नुसता चौकोन लहान केला. मग आकडा कामून वाढला?"

"छिद्रं कमी झाली की मॅडम."

"छिद्र नसलेला मोठा सेल बी आपल्याकडं हाय. त्याच्याहून कामून जास्त?"

विभागात कुजबूज सुरू झाली. बाईंना स्वतःचा विक्रम मोडलेला बघवत नाही, तेही मुलाखतीच्या तोंडावर. खरं म्हणजे बालाजीच्या पेपरवर गाइड म्हणून मॅडमचंही नाव असणार होतं, आकडा वाढला तर त्यांचाही फायदाच होता. पण संशयाला हिशेब लागत नाही. मी कुजबुजणाऱ्यांत होते. उगाच सोज्वळपणा कशाला दाखवू? मीच दोघा-तिघांना सांगितलं होतं की यात काहीतरी काळंबेरं आहे.

मग एके दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "चल, सराफ्यात जायचंय."

मला वाटलं दागिना करायचाय. जुन्या नांदेडातल्या एका अरुंद दुकानात त्यांनी पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढला, नखाएवढ्या जाडीचा, आणि सोनाराला म्हणाल्या, "ह्याला चौकोनी भोक पाडून द्या. एका बाजूला पावणेदोन मिलिमीटर. कोपरे साफ पाहिजेत."

सोनारानं पत्रा उलटा-सुलटा केला. "बाई, हे सोनं न्हाई."

"माहीत हाय."

"चांदी बी न्हाई."

"भोक पाडता येतं का न्हाई?"

त्यानं हळूच गल्ल्याशेजारचा ड्रॉवर बंद करून घेतला. कुठल्या तरी खात्याच्या बाया तपासायला आल्यात असं त्याला वाटलं असावं. मग डोळ्याला भिंग लावून, नथीचं नाजूक काम करतात त्या कानशीनं तो एकेक कोपरा घासायला बसला. तो हाताकडं बघत होता, मॅडम त्याच्या हाताकडं बघत होत्या आणि तो मधूनच मॅडमकडं बघत होता. असं तासभर चाललं. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "ह्या भोकातून बघणार तरी काय?"

"सूर्य," मॅडम म्हणाल्या.

त्यानं पत्रा देऊन टाकला आणि आमच्या मागं दुकानाचं दार ओढून घेतल्याचा आवाज मी ऐकला.

लॅबमध्ये आल्यावर मॅडमनी तेलाच्या दिव्यावर धरून त्या पत्र्याला काजळी चढवली, म्हणजे उजेड त्यावरून उसळू नये. मग तो बालाजीच्या सेलवर ठेवला. भोक सेलच्या चौकोनाहून जरासं लहान, बरोबर त्याच्या आत बसणारं. आता प्रकाश पडणार तो फक्त सेलवर, आजूबाजूला नाही. आकडा काढताना क्षेत्रफळही भोकाचंच धरायचं.

आठ पूर्णांक एकचे झाले सहा पूर्णांक दोन.

बालाजी खुर्चीत बसलाच. मॅडम त्याच्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. चौकोनाच्या भोवती जो थर पसरलेला असतो, त्यावरही उजेड पडतो आणि तिथली वीजही कडेकडेनं सेलमध्ये शिरते. आपण ती सगळी मोजतो आणि भागतो मात्र नुसत्या चौकोनाच्या क्षेत्रफळानं. "धुऱ्यापलीकडचा, शेजाऱ्याचा कापूस वेचायचा अन् उतारा आपल्या एकराचा सांगायचा, तसं झालं हे. अन् रान जेवढं लहान, तेवढं पलीकडचं जास्त दिसतं. म्हणून तुझा चौकोन लहान झाला अन् आकडा वाढला."

दुसऱ्या दिवसापासून बालाजी लॅबमध्ये येईना. विभागात सगळ्यांचं एकच मत पडलं, बाईंनी पोराचा घास काढून घेतला.

मला त्या पत्र्याचाच संशय येत होता. भोक सोनाराकडून पाडून आणलेलं. माप मॅडमनी सांगितलेलं. सांगितलं त्याहून भोक लहान असेल तर उजेड कमी पडेल आणि आकडा आपोआप खाली येईल. मॅडम तासाला गेल्या आहेत असं बघून मी तो पत्रा कपाटातून काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतकी वर्षं जिच्या हाताखाली शिकले तिच्यावर मी लबाडीचा आळ घेत होते, हे मला कळत होतं. तरी मोजत होते.

"किती आलं?"

मागं मॅडम उभ्या होत्या. मी उठलेच. खोटं बोलायचं सुचलं नाही. "एक पूर्णांक पंचाहत्तर."

"चारी बाजू मोजल्यास?"

"दोनच."

"मग चारी मोज. अन् मापाची पट्टी कोणती धरलीस? ती पट्टी तरी खरी हाय का बघितलंस?" त्या रागावल्या नव्हत्या. उलट मला वाटलं त्या खूश आहेत. "'कोणी पाहिलं'च्या रकान्यात माझं नाव टाक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माझा स्वभाव असा की शरमले की मी जास्तच तिखट बोलते. मी म्हणाले, "मॅडम, तुमच्या सात पूर्णांक दोनला असा पत्रा लावला होता?"

मॅडमनी एप्रनच्या खिशातून एक जुनी वही काढली. त्याच पेपरची वही. पानांच्या कडा वळल्या होत्या.

"न्हवता लावला," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले वही घेऊन फिरून राहिले. सगळ्या गोष्टींवर शक घेतला गं मी. दिव्यावर, तारेवर, मालावर. चौकोनाच्या मापावर कधी घेतलाच न्हाई. त्याचं ड्रॉइंग मी स्वतः केलेलं ना." त्या खाली बसल्या. "मला भीती वाटून राहिली, वैशाली."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तोवर मी त्यांना कधी स्पर्श केलेला नव्हता.

जुने सेल कधीच मेलेले होते. आमचे सेल हवा-पाण्यानं काही महिन्यांत मरतात, सिलिकॉनसारखे वर्षानुवर्षं टिकत नाहीत. त्यामुळं ते नव्यानं बनवणं आलं. मूळ पदार्थाची एक बाटली शिल्लक होती, झाकणावर सहीची पट्टी शाबूत. मॅडम म्हणाल्या, "बनवायचे तू, वहीत लिहिल्याप्रमाणं. माझा हात लागू द्यायचा न्हाई. अन् मोजायचे बालाजीनं."

"बालाजीनं? तो तर तुमच्यावर जाम चिडलाय."

"म्हणून तर. मी खोटी ठरावी असं ज्याला वाटतं त्यानंच मोजावं. न्हाईतर आपण सगळी माझीच माणसं."

बालाजीला आणायला मी स्वतः हिमायतनगरला गेले. तो घरी सोयाबीनच्या पोत्यांवर बसून मोबाइल बघत होता. आधी नाही म्हणाला. मग काय काम आहे ते ऐकलं आणि कपडे बदलायला आत गेला. त्याच्या तोंडावर कुठं तरी समाधान होतं, ते मला दिसलं आणि आवडलं नाही. पण मॅडमना नेमकं तेच हवं होतं.

मी बारा सेल बनवले. मोजायच्या दिवशी बालाजीनं आतून दार लावून घेतलं. मॅडम बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. मुलाखतीला आठ दिवस होते. येणारे-जाणारे विचारत, मॅडम बाहेर का? त्या सांगत, "आत माझा पेपर तपासून राहिलेत." लोकांना वाटे थट्टा करतात.

आत माझ्यासमोर बालाजीनं पत्रा लावून एकदा मोजलं, मग दुसऱ्यांदा, मग दिवा गार करून तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडावरचं ते समाधान गेलेलं होतं. मला म्हणाला, "ताई, अजून एकदा बघू का? कुठंतरी माझंच चुकून राहिलं असंल." चौथ्यांदाही तेच आलं. बाहेर येऊन तो मॅडमसमोर उभा राहिला.

"सांग," मॅडम म्हणाल्या.

"पाच पूर्णांक नऊ."

"हा सगळ्यात चांगला का सरासरी?"

"चांगला. सरासरी पाच पूर्णांक चार."

मॅडमनी दोन्ही आकडे लिहून घेतले, वेळ विचारली, आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मग बालाजीला म्हणाल्या, "म्हणजे तुझा सहा पूर्णांक दोन माझ्या वर हाय. खरोखरचा वर. पाठव आता पेपर." बालाजी एवढा मोठा गडी, पण तिथंच ढसाढसा रडला. त्याच सहा पूर्णांक दोनवर पुढं त्याचा पेपर छापून आला आणि लातूरच्या कॉलेजात नोकरीही लागली.

जुना पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला आकडा दुरुस्त करण्याचं पत्र मॅडमनी त्याच संध्याकाळी लिहिलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं. मी सहीची फाइल घेऊन तिथंच उभी होते. सरांनी उठून दार लावलं. मला बाहेर काढलं नाही, त्यांच्या लेखी मी आणि फाइलींचं कपाट सारखंच. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, पत्र जरूर पाठवा. फक्त मुलाखत होऊन जाऊ द्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. यात खोटं काहीच नाही, थोडा उशीर एवढंच."

मॅडम म्हणाल्या, "सर, हे सांगताना दार कामून लावलंत?"

आणि मॅडमनी पत्र तिथंच सरांच्या टेबलावरच्या संगणकावरून पाठवलं.

मुलाखतीत काय झालं ते मला मॅडमच्या तीन वाक्यांवरून माहीत आहे. समितीतल्या एकानं सात पूर्णांक दोनबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी बालाजीच्या सहीचा कागद पुढं ठेवला आणि तो आकडा आता धरू नका म्हणून सांगितलं. समितीनं तो धरला नाही आणि त्यांनाही घेतलं नाही. आता कागद पुढं केला नसता तर घेतलं असतं का, याची मला आजही शंका आहे. समितीला आपलाच माणूस बसवायचा होता असं नंतर कानावर आलं. मी ते मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "असंल. न्हाई बी असंल. तपासायची सोय न्हाई." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पुढं तशी मुलाखत पुन्हा निघालीच नाही आणि मॅडम सहयोगी म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांनी हार घालून घेतला, दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. मला त्या समारंभाचा फार राग आला होता. स्वतःच्याच तिखट जिभेचाही आला. पत्र्याबद्दलचा तो प्रश्न मीच विचारला होता ना.

त्यानंतर मीही लातूरला आले, इथल्या एका कॉलेजात शिकवते. मागच्या वर्षी मॅडमचा फोन आला. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. लातूरला ऑपरेशन चांगलं होतं असं त्यांना चौघांनी सांगितलं होतं आणि त्यातल्या दोघांचे डोळे त्यांनी समक्ष जाऊन बघितले होते. त्या माझ्याकडं उतरल्या. केसपेपर मी भरला, त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून.

ऑपरेशन चांगलं झालं. आठवड्यानं तपासायला गेलो. डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मॅडमनी वरपासून खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. डॉक्टर खूश. म्हणाले, "उत्तम! अगदी तरुण माणसाची नजर."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "हा तक्ता मला पाठ झालाय. बाहेर बसले होते तवा आतल्या माणसाला तुम्ही वाचायला लावून राहिले होते. मी सगळं ऐकलं. दुसरा तक्ता आणा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आणा सर, आणल्याशिवाय त्या उठणार नाहीत. दुसऱ्या तक्त्यावर त्यांना खालच्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत. मॅडमचं समाधान झालं. "हा लिहा," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. डोळ्यात घालायचे थेंब आणि चष्म्याचा कागद मिळायचा होता. मॅडमच्या डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा, मांडीवर पिशवी. बाकांवर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दाटीनं बसलेली. एवढ्यात खिडकीतून सिस्टरनं मोठ्यानं पुकारलं, "प्रोफेसर खिल्लारे!"

केसपेपरवर ते मीच लिहिलं होतं. चुकून नाही, मुद्दाम. तिथं कोण तपासायला बसलंय, असं वाटलं होतं.

मॅडम हलल्या नाहीत. सिस्टरनं पुन्हा हाक दिली, "प्रोफेसर खिल्लारे कोण हायत?" तेव्हा मॅडमनी बाकावर वळून मागं बघितलं. काळा चष्मा जरा वर करून त्यांनी मागच्या दोन्ही रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळल्या. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, "आपल्याकडचेच दिसतात कोणीतरी. म्हातारे असतील गं, ऐकू येत नसंल. जा, बघ जरा, त्यांना हाताला धरून ने."

सिस्टरनं तिसऱ्यांदा पुकारलं. मॅडम अजून मागंच बघत होत्या.